ॲस्पिडिस्ट्रा इलॅटिअर

ॲस्पिडिस्ट्रा इलॅटिअर ही शतावरी कुलातील (ॲस्परॅगेसी) सदाहरित, बहुवर्षायू व एकदलिकित वनस्पती आहे. तिचे मूळ स्थान जपानच्या दक्षिणेकडील काही लहान बेटांवर असून, शोभेच्या पानांसाठी ती जगाच्या अनेक भागांत लावली जाते. खोल सावली, कोरडी जमीन, अनियमित पाणी आणि धुळीने भरलेली हवा या सर्व गोष्टी ती सहन करते. या काटकपणामुळे इंग्रजीत तिला ‘कास्ट आयर्न प्लान्ट’ म्हणजे ओतीव लोखंडाचे झाड असे म्हणतात. जपानी भाषेत तिचे नाव ‘हारान’ असे आहे. बागेतील ज्या जागी हिरवळ टिकत नाही आणि फुलझाडे तग धरत नाहीत, अशा कोरड्या सावलीच्या जागेसाठी या वनस्पतीची शिफारस केली जाते.

नाव व वर्गीकरण

ॲस्पिडिस्ट्रा हे प्रजातीचे नाव ‘लहान ढाल’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. फुलातील किंजल्काचा (स्त्रीकेसराच्या टोकाचा) आकार पसरट व ढालीसारखा असतो, त्यावरून हे नाव सुचले. ‘इलॅटिअर’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘अधिक उंच’ असा आहे. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन बेलेंडेन केर गॉलर यांनी १८२२ मध्ये ॲस्पिडिस्ट्रा ही प्रजाती प्रथम वर्णिली. प्रस्तुत जातीचे वर्णन कार्ल लुडविग ब्लूम यांनी १८३४ मध्ये केले. जुन्या ग्रंथांत ही वनस्पती पलांडू कुलात (लिलिएसी) घातलेली आढळते. नव्या वर्गीकरणानुसार ती शतावरी कुलात मोडते.

या प्रजातीच्या शंभराहून अधिक जाती आज ज्ञात आहेत. ईशान्य भारतापासून म्यानमार, व्हिएतनाम, दक्षिण चीन, तैवान व जपान येथपर्यंत त्यांचा प्रसार आहे. बहुसंख्य जाती दक्षिण चीन व व्हिएतनाम येथील चुनखडीच्या डोंगराळ अरण्यांत आढळतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत यांपैकी फारच थोड्या जातींची शास्त्राला ओळख होती.

वर्णन

या वनस्पतीला जमिनीवर उभे खोड नसते. तिचे मूलक्षोड (आडवे वाढणारे भूमिगत खोड) मातीच्या पृष्ठभागाला लागून सरपटत वाढते व त्यापासून एकेक पान सरळ वर येते. पान चिवट, चकचकीत, गर्द हिरवे व भाल्याच्या पात्यासारखे असते. पाते साधारणपणे ३० ते ५० सेंमी. लांब व ७ ते ११ सेंमी. रुंद असून तळाशी ते एकदम निमुळते होत ५ ते ३५ सेंमी. लांबीच्या देठात उतरते. नवे पान सुरळीच्या रूपात जमिनीतून बाहेर पडते आणि सावकाश उलगडते.

दुरून पाहिल्यास या पानांमुळे हळदीच्या किंवा कर्दळीच्या पानांची आठवण होते; परंतु साम्य तेवढ्यापुरतेच आहे. हळदीची पाने हंगाम संपला की वाळून जातात. ॲस्पिडिस्ट्राचे पान मात्र एका वर्षाहून अधिक काळ हिरवे राहते. वर्षाला मोजकीच नवी पाने येतात, त्यामुळे झाडाची वाढ अतिशय संथ असते. जे पान फाटले, भाजले किंवा किडीने खाल्ले ते झाडावर दीर्घकाळ तसेच दिसत राहते. म्हणून या वनस्पतीच्या निगेत पाने जपण्याला विशेष महत्त्व आहे.

फुले व परागण

पुष्कळ लोकांच्या घरी हे झाड वर्षानुवर्षे असते, तरी त्याचे फूल त्यांनी पाहिलेले नसते. याचे कारण असे की फूल पानांमध्ये न येता थेट मूलक्षोडावर, मातीला टेकून येते. ते बहुधा पाचोळ्याखाली अर्धवट झाकलेले असते. फुले एकेकटी येतात. त्यांचा व्यास २ ते २.५ सेंमी. असून ती बाहेरून मलईच्या रंगाची व तपकिरी-तांबडी, तर आतून गडद जांभळट लाल असतात. किंजल्क ७ ते ८ मिमी. रुंद असतो. भांड्यावर झाकण ठेवावे तसा तो फुलाचे तोंड जवळजवळ बंद करतो. त्याखाली ६ ते ८ केसरदले (पुंकेसर) असतात.

इतक्या खाली व इतक्या झाकलेल्या फुलाचे परागण कोण करते, हा प्रश्न दीर्घकाळ चर्चेत होता. गोगलगायी हे काम करतात, हा समज अनेक उद्यानविषयक पुस्तकांतून पुन्हा पुन्हा छापला गेला. पुढे पाचोळ्यात राहणाऱ्या उड्या मारणाऱ्या सूक्ष्म कवचधारी प्राण्यांकडे हे श्रेय गेले. जपानमधील कोबे विद्यापीठाचे केंजी सुएत्सुगु व त्यांचे सहकारी यांनी कुरोशिमा बेटावर, म्हणजे या वनस्पतीच्या मूळ अधिवासात, प्रत्यक्ष निरीक्षणे केली. त्यांवरून परागणाचे मुख्य काम कवकांवर वाढणाऱ्या चिमुकल्या माश्या करतात असे दिसून आले. या माश्या ओलसर पाचोळ्यात व भूछत्रांभोवती वावरतात. भूछत्रासारखे दिसणारे हे फूल त्यांना भुलवत असावे, असा तर्क त्यावरून मांडला जातो.

मूळ प्रदेश

ही वनस्पती चीनमधून आली, असे जुन्या पुस्तकांत सर्रास लिहिलेले आढळते. चीन व जपान या दोन्ही देशांत तिची लागवड जुनी असल्याने हा गोंधळ झाला. प्रत्यक्षात ती नैसर्गिक अवस्थेत कुरोशिमा, सुवानोसेजिमा व उजी या बेटांवर आढळते. ही बेटे जपानच्या कागोशिमा प्रांतात येतात. तेथील सदाहरित वृक्षांच्या दाट छायेत, जमिनीलगतच्या थरात ती वाढते. तेथे उजेड वर्षभर अल्प असतो आणि मातीवर पाचोळ्याचा जाड थर असतो. बागेतील लागवडीचे जवळजवळ सर्व नियम या अधिवासावरून समजून घेता येतात.

इतिहास

एकोणिसाव्या शतकात ही वनस्पती युरोपात पोहोचली आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळात (१८३७–१९०१) इंग्लंडच्या मध्यमवर्गीय घरांतील दिवाणखान्यात तिने कायमचे स्थान मिळवले. त्या काळातील दिवाणखाने जाड पडद्यांमुळे अंधारलेले असत. त्यात कोळशाची शेगडी व गॅसचे दिवे जळत, आणि त्यांच्या धुराने बहुतेक झाडे मरून जात. ॲस्पिडिस्ट्रा मात्र टिकून राही. खिडकीजवळ कुंडीत ठेवलेले हे झाड हळूहळू प्रतिष्ठित गृहस्थी जीवनाची खूण बनले.

जी वस्तू सर्वांच्या घरी असते तिची थट्टाही होऊ लागते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विजेचे दिवे आले, खोल्या उजळ झाल्या आणि इतर अनेक झाडे घरात वाढवता येऊ लागली. मग हेच झाड जुनाट, कंटाळवाण्या मध्यमवर्गीयपणाचे प्रतीक मानले गेले. पुढे कुंडीतील शोभेच्या झाडांची आवड पुन्हा वाढली तेव्हा त्यालाही पूर्वीचा मान काही अंशी परत मिळाला. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने या जातीला उद्यानगुणवत्तेचा पुरस्कार दिला आहे.

कोरड्या सावलीचा प्रश्न

बागेत सावली दोन प्रकारची असते. ओढ्याकाठची किंवा विहिरीजवळची सावली ओलसर असते आणि तेथे नेचे, अळू यांसारख्या वनस्पती सुखाने वाढतात. कोरडी सावली याच्या उलट असते. मोठ्या वृक्षाचा घेर पावसाचा काही भाग पानांवरच अडवतो. जमिनीपर्यंत जे पाणी येते ते वृक्षाची वरच्या थरातील मुळे शोषून घेतात. भिंतीच्या आडोशाला, सज्जाखाली किंवा जिन्याखाली तर पाऊस पोहोचतच नाही. अशा जागी उजेड कमी, पाणी कमी आणि अन्नद्रव्येही कमी, अशी तिहेरी अडचण असते.

बागकाम करणारे बहुधा यांपैकी एकाच अडचणीवर उपाय करतात. सावली सोसणारे झाड लावले तर ते पाण्यावाचून सुकते; कोरडेपणा सोसणारे लावले तर उजेडाअभावी ते लांबट व अशक्त होते. ॲस्पिडिस्ट्राचे महत्त्व असे की ती दोन्ही गोष्टी एकत्र सहन करते. तिचे मांसल मूलक्षोड पाणी साठवून ठेवते, जाड पानांतून बाष्पोत्सर्जन कमी होते आणि संथ वाढीमुळे तिची गरजही मर्यादित राहते. तथापि सहन करणे आणि आवडणे यांत फरक आहे. कोरड्या सावलीत ती जगते. तेथेच थोडी निगा राखली तर ती दाट व तजेलदार होते.

लागवड

जागा : पूर्ण किंवा अर्धी सावली योग्य असते. सकाळचे कोवळे ऊन काही प्रमाणात चालते, परंतु दुपारचे थेट ऊन पडल्यास पाने प्रथम फिकट पिवळट होतात व नंतर त्यांवर करड्या रंगाचे भाजल्यासारखे चट्टे पडतात. हे चट्टे भरून येत नाहीत. वाऱ्याच्या झोतात लांब पाने फाटतात, म्हणून आडोशाची जागा निवडावी.

जमीन : मातीच्या प्रकाराबाबत ही वनस्पती चोखंदळ नाही, मात्र पाण्याचा निचरा होणे अत्यावश्यक आहे. भारी मातीत वाळू किंवा बारीक खडी आणि कुजलेला पालापाचोळा मिसळावा.

वृक्षाखालील लावणी : झाडाखाली सलग वाफा खणू नये. त्यामुळे वृक्षाची मुळे तुटतात आणि नव्या झाडाबरोबर जुन्या वृक्षाचेही नुकसान होते. मुळांच्या मधल्या जागा हाताने चाचपून तेथे लहान लहान खड्डे करावेत. अंगठ्याहून जाड मूळ आड आल्यास ते न तोडता खड्डा बाजूला सरकवावा. वृक्षाच्या बुंध्याभोवती मातीचा भराव घालण्याचा मोह टाळावा, कारण भरावाखाली साल कुजू शकते व मुळांना हवा मिळत नाही.

मूलक्षोड मातीच्या पृष्ठभागाच्या किंचितच खाली राहील असे लावावे. खोल पुरल्यास ते कुजण्याचा संभव असतो. दोन रोपांत ४५ ते ६० सेंमी. अंतर ठेवावे. वाढ संथ असल्याने जमीन पूर्ण झाकली जाण्यास काही वर्षे लागतात. लवकर परिणाम हवा असल्यास अंतर कमी करून अधिक रोपे लावणे हाच मार्ग आहे. खत वाढवून वाढीचा वेग फारसा बदलत नाही.

पाणी : काटक झाड म्हणून लावणीनंतर पाणी न देणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. कोरडेपणा सहन करण्याची क्षमता मुळे रुजल्यावर येते. पहिले वर्षभर नियमित पाणी द्यावे. त्यानंतर वरची माती बोटभर खोलीपर्यंत कोरडी झाल्यावरच द्यावे. थोडे थोडे रोज देण्यापेक्षा खोलवर भिजेल असे, पण विरळ पाणी अधिक उपयुक्त ठरते. कुंडीतील झाडाच्या बाबतीत नेमकी उलट चूक होते. तेथे जास्त पाण्याने मुळे कुजून झाड मरते. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये.

आच्छादन व खत : पाचोळ्याचा ५ ते ७ सेंमी. जाडीचा थर पसरल्यास ओल टिकते आणि कुजून मातीत अन्नद्रव्येही येतात. वृक्षाखाली गळालेला पाचोळा झाडून जाळण्यापेक्षा तेथेच राहू द्यावा; मूळ अधिवासातही हीच स्थिती असते. वाढीच्या हंगामात एकदा किंवा दोनदा कुजलेले शेणखत किंवा सौम्य खत पुरेसे होते. पट्टेदार वाणांना खत फार दिल्यास पट्टे पुसट होऊन पाने साधी हिरवी येऊ लागतात.

तापमान : पूर्ण वाढलेले झाड सुमारे उणे ५ अंश सेल्सिअसपर्यंतची थंडी बाहेर सहन करू शकते. त्याहून कडक थंडीत पाने करपली तरी मूलक्षोड जिवंत राहून पुन्हा फुटू शकते.

पानांची निगा : पानांवर धूळ बसल्यास आधीच अपुरा असलेला उजेड आणखी कमी मिळतो. म्हणून अधूनमधून ओल्या फडक्याने दोन्ही बाजूंनी पाने पुसावीत किंवा झारीने धुवावीत. चकाकी आणणारी तेलकट द्रव्ये लावू नयेत. वाळलेले पान मध्ये न कापता तळाशी, मातीजवळ कापावे. जुना, विस्कटलेला ताटवा असल्यास एकाच वेळी सर्व पाने न काढता दोन-तीन वर्षांत थोडी थोडी जुनी पाने काढावीत.

अभिवृद्धी

अभिवृद्धी मूलक्षोडाचे विभाजन करून केली जाते. वाढीचा हंगाम सुरू होण्याच्या सुमारास झाड उपटून मूलक्षोडाचे धारदार सुरीने तुकडे करतात. प्रत्येक तुकड्याला दोन-तीन पाने, काही मुळे व निदान एक वाढीचा कोंब असावा. कापलेला भाग थोडा सुकू देऊन मग लावावा. विभाजनानंतर बरेच महिने नवे पान येत नाही. याचा अर्थ झाड मेले असा नव्हे. अशा वेळी उकरून पाहणे किंवा पाणी वाढवणे, दोन्ही घातक ठरते. कुंडीतील झाडाचे विभाजन काही वर्षांतून एकदा, मुळांनी कुंडी पूर्ण भरल्यावरच करावे.

रोग व कीड

ही वनस्पती सहसा रोगमुक्त असते. कुंडीत व कोंदट जागी खवले कीड व पिठ्या ढेकूण देठाच्या तळाशी आणि पानांच्या मागच्या बाजूला आढळतात. हवा फार कोरडी असल्यास लाल कोळी लागतो व पानांवर बारीक फिकट ठिपके पडतात. संख्या थोडी असताना ओल्या फडक्याने पुसून काढणे पुरेसे होते. बाहेरच्या लागवडीत गोगलगायी कोवळ्या सुरळ्या कुरतडतात. त्याची छिद्रे पान उलगडल्यावर रांगेने दिसतात. पानांवरील तपकिरी ठिपके बहुधा कवकामुळे येतात. अशी पाने कापून टाकावीत आणि पाणी पानांवर न टाकता मातीत द्यावे. पानाची टोके तपकिरी होणे हे रोगापेक्षा अनियमित पाणी किंवा खताचे क्षार साचल्याचे लक्षण असते.

वाण

‘व्हेरिएगाटा’ या वाणाच्या पानांवर पांढरे वा मलईच्या रंगाचे उभे पट्टे असतात. ‘आसाही’ या जपानी नावाचा अर्थ सकाळचा सूर्य असा असून त्या वाणात पानाचा वरचा भाग टोकाकडे पांढरा होत जातो. ‘मिल्की वे’ या नावाने विकल्या जाणाऱ्या वाणाच्या पानांवर पांढरे ठिपके विखुरलेले असतात. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसल्यामुळे अशा वाणांना साध्या हिरव्या झाडापेक्षा किंचित अधिक उजेड लागतो.

उपयोग

अमेरिकेच्या दक्षिणेकडील उष्ण व दमट राज्यांत मोठ्या ओक वृक्षांच्या छायेत जमीन झाकण्यासाठी ही वनस्पती लावतात. कापलेली पाने पाण्यात दीर्घकाळ ताजी राहतात, म्हणून पुष्परचनेत त्यांना मोठी मागणी असते. जपानी इकेबाना या पुष्परचनाकलेतही या पानांचा वापर होतो.

जपानमध्ये पानांचे तुकडे जेवणाच्या डब्यात दोन पदार्थांमध्ये ठेवण्याची पद्धत आहे. त्यांना ‘बारान’ असे म्हणतात. एका पदार्थाचा रस व वास दुसऱ्याला लागू नये हा त्यामागील हेतू असतो. आजकाल त्यांच्या जागी हिरव्या प्लॅस्टिकचे कातरलेले तुकडे वापरले जातात, पण नाव तेच राहिले आहे. कोकण व गोव्यात पातोळ्यांसाठी हळदीचे पान वापरतात ते त्याचा सुगंध पदार्थात उतरावा म्हणून. हारानच्या पानाचे काम याच्या उलट, म्हणजे वास वेगळे ठेवण्याचे आहे.

ही वनस्पती मांजर व कुत्रा यांना विषारी नाही. पाळीव प्राणी असलेल्या घरांत तिला पसंती मिळण्याचे हेही एक कारण आहे.

साहित्य व लोकजीवनात

जॉर्ज ऑर्वेल यांची ‘कीप द ॲस्पिडिस्ट्रा फ्लाइंग’ ही कादंबरी १९३६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा नायक गॉर्डन कॉमस्टॉक पैशाच्या मागे धावणाऱ्या मध्यमवर्गीय जीवनाचा तिटकारा करतो व आपल्या भाड्याच्या खोलीतील ॲस्पिडिस्ट्रावर राग काढतो. तो तिला पाणी देत नाही आणि सिगारेटचे चटकेही देतो, तरी ती मरत नाही. अखेर संसार मांडताना तोच नायक नव्या घरासाठी ॲस्पिडिस्ट्रा आणण्याचा हट्ट धरतो. ब्रिटिश गायिका ग्रेसी फील्ड्स यांचे जगातील सर्वांत मोठ्या ॲस्पिडिस्ट्राविषयीचे विनोदी गाणे १९३८ मध्ये लोकप्रिय झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने क्रोबरो येथे उभारलेल्या, १९४२ पासून वापरात आलेल्या अतिशक्तिशाली रेडिओ प्रक्षेपकाला या गाण्यावरूनच ‘ॲस्पिडिस्ट्रा’ हे सांकेतिक नाव देण्यात आले.

महाराष्ट्राच्या हवामानात

भारतात ही वनस्पती मुख्यतः कुंडीत लावली जाते. महाराष्ट्रात जमिनीत लावताना दोन ऋतूंचा विचार करावा लागतो. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात व घाटमाथ्यावर, अतिपावसाने मुळे कुजण्याचा धोका असतो. म्हणून उंचवट्यावर किंवा उताराच्या जागी लावणी करावी. काळ्या भारी मातीत निचऱ्याची सोय केल्याशिवाय ती जमिनीत लावू नये. विदर्भ व मराठवाड्यातील उन्हाळ्यात सावलीतही गरम वारे पाने करपवू शकतात; तेथे भिंतीचा आडोसा, जाड आच्छादन व संध्याकाळचे पाणी उपयोगी पडते. आंबा, चिंच यांसारख्या बारमाही सावली देणाऱ्या वृक्षांखाली ही वनस्पती शोभते. ज्या वृक्षांची पाने उन्हाळ्यापूर्वी पूर्ण गळतात त्यांच्याखाली मात्र ती लावू नये, कारण ऊन सर्वांत कडक असते त्याच वेळी तिच्यावरील छाया नाहीशी होते.